चार बोटे सैल

गुरुवार, तेरा नोव्हेंबर. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. मिलिंद, भीती या वेळेला सुरू झाली. तुला जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

तुझ्या बायकोने, सुजाताने, निरोप दिला होता की, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात साहेबांनी, म्हणजे मी, चार शब्द बोलावेत. मी बोलणार नाही. उभे राहून बोलताना माझा आवाज कसा निघेल याची मला खात्री नाही, आणि ज्याची खात्री नाही ते मी करत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहून देतो. तू कुठे जन्मलास, कुठे शिकलास, हे इतर सांगतील. मला एका तारेविषयी सांगायचे आहे.

आपण नेमके काय काम करत होतो, हे तुझ्या नातलगांनाही नीट माहीत नसावे. स्मशानात तुझ्या एका काकांनी मला विचारले, "मिलिंद कॉम्प्युटरवर गाड्या बनवायचा ना?" मी हो म्हणालो. ती समजावण्याची जागा नव्हती. गाड्या नव्हे, काका. गाडीच्या अंगात दिव्यापासून बॅटरीपर्यंत तारांची जी जुडी फिरते तिला आम्ही हार्नेस म्हणतो. मिलिंद ती जुडी आखत असे. पडद्यावर गाडीचा सांगाडा असे. त्यातून तो एकेक तार ओढून नेई, आणि सॉफ्टवेअर ती सगळी जुडी सरळ पसरून तिचा पूर्ण मापाचा नकाशा काढून देई. तो नकाशा कुकटपल्लीच्या आमच्या कारखान्यात प्लायवूडच्या फळीवर चिकटवला जाई. प्रत्येक फाट्यावर खिळे ठोकले जात. बायका त्या खिळ्यांमधून तारा अंथरत आणि टेप गुंडाळत. आखणारा मिलिंद. तपासणारा मी. आखणारा आणि तपासणारा एक माणूस असू नये, हा आमचा नियम होता. अकरा वर्षे तो पाळला गेला.

तू येण्याआधी मी सुतळीने माप घेत असे. गाडीत आडवे पडायचे, तार जिथून जाणार तिथून सुतळी न्यायची, प्रत्येक फाट्यावर गाठ मारायची, मग ती सुतळी फळीवर ताणायची. तू आलास आणि पहिल्याच आठवड्यात म्हणालास, "साहेब, तुमच्या सुतळीला उन्हाळ्यात एक माप असतं आणि पावसाळ्यात दुसरं." बायका हसल्या. मी हसलो नाही. तू मला पडदा दाखवलास. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते, गाडी सुरू होताना ते कुशीवर वळल्यासारखे हलते. तू पडद्यावरचे इंजिन हलवलेस. तार जिथे घासणार होती तिथे ती तांबडी झाली.

"हे बघा. हालचाल सांगितली की सैल किती ठेवायचं ते हेच काढतं."

"याने मलकपेटचा रस्ता पाहिला आहे का?"

"तोही दाखवू साहेब. खड्डे किती ते तुम्ही मोजून द्या."

हा आपला वाद. अकरा वर्षे तो रोज थोडा थोडा चालला. तू सॉफ्टवेअरने काढलेली लांबी देत असेस. मी हातोडी घेऊन फळीपाशी जात असे आणि ज्या लाल तारेला हादरा बसतो तिचा शेवटचा खिळा उपटून माझ्या उजव्या हाताची चार बोटे पुढे ठोकत असे. विचारून नव्हे. सांगूनही नव्हे. तू पाहत असेस. एकदा चहाच्या वेळी तू व्हर्नियर घेऊन आलास आणि म्हणालास, "साहेब, हात द्या." मी दिला. तू माझी चार बोटे मोजलीस. "ऐंशी मिलिमीटर. बायांनो, लिहून घ्या, साहेबांचा हात गेला तर कारखाना बंद पडायला नको." तेव्हाही सगळ्या हसल्या. तू ते माप कशासाठी घेतलेस, हे मला गुरुवारी कळले.

फळीवर पुढच्या पाच शाळागाड्यांचे काम लागले होते. तू आखलेला शेवटचा नकाशा. तुला दवाखान्यात नेले त्याच आठवड्यात तो फळीवर चढला होता, आणि त्यावरून बॉडीवाल्याकडे तयार झालेल्या तीन गाड्या दिलसुखनगरच्या एका शाळेत धावू लागल्या होत्या. यादम्मा लाल तार हातात घेऊन उभी होती. तुझ्या नातलगांसाठी सांगतो, यादम्मा फळीवर बावीस वर्षे आहे. तिच्या बोटांना जे कळते ते मला चष्मा लावून कळत नाही.

"साब, इस बार भी खिळा नै सरकाए तुम."

खिळा हा शब्द तिने माझ्याकडून उचलला आहे.

"नाही सरकवला."

"कायकू?"

"मिलिंदची लांबी बरोबर आहे."

"बराबर कैसा साब? उनो तो लाल तार में चार उंगली कम करके देते थे. साब डालतेच बोलके."

मी तिला पुन्हा बोलायला लावले. तिने तेच सांगितले: साहेब घालतातच, म्हणून तू चार बोटे कमी देत असेस. मग म्हणाली, "सबकू मालूम था साब. तुमकू छोड के." आणि थांबून, हळू आवाजात, "वो बॉडीवाले का फिटर भी फोन करा था. लाल तार खींच के लगाना पडा बोला."

मिलिंद, मी तुझ्या खुर्चीत बसलो. तीन रविवारी काचीगुड्याला माझ्या घरी येऊन तू मला जे शिकवलेस तेवढे मला येत होते. "साहेब, माऊस उचलू नका, सरकवा. तो चावत नाही." तिसऱ्या रविवारी मी म्हणालो होतो की, मला या वयात याची गरज नाही. तू म्हणालास, "असू द्या. एक दिवस मी नसेन आणि फाइल उघडायची असेल." त्या वाक्यावर आपण दोघांनी चहा घेतला होता.

फाइल उघडली. तारांचा तक्ता उघडला. लाल तार. अल्टरनेटरपासून बॅटरीच्या जोडापर्यंत जाणारी, जाड, फ्यूजच्या अलीकडची, म्हणजे गाडी बंद असली तरी जिच्यात वीज असते आणि जी उघडी पडून पत्र्याला शिवली तर आग लागते ती. सॉफ्टवेअरने काढलेली लांबी, हालचालीसाठी ठेवलेल्या सैलासकट, एका रकान्यात होती. शेजारच्या रकान्यात, जिथे माणसाला हाताने फेरफार करता येतो, तिथे लिहिले होते: उणे ऐंशी. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता. साहेब.

मी जुने नकाशे उघडले. मागचा. त्याच्या मागचा. सगळीकडे उणे ऐंशी. सगळीकडे साहेब. तू माझ्याशी भांडून जिंकू शकला असतास. त्याऐवजी तू माझे खिळे मला ठेवू दिलेस आणि माझी चार बोटे आधीच वजा करून ठेवलीस. बेरीज शून्य. गाड्या बरोबर धावत होत्या. मी समजत होतो, माझ्या हातामुळे धावत आहेत.

आणि या एकाच वेळी मी खिळा हलवला नव्हता.

का, ते लिहितो. तू दवाखान्यात होतास. मी हातोडी घेऊन फळीपाशी उभा राहिलो. मनात आले की, अकरा वर्षांत या माणसाच्या एका मापावरही मी विश्वास ठेवला नाही. तो परत येईल तेव्हा त्याला सांगता यावे की, या वेळी मी हात लावला नाही. हातोडी मी पेटीत ठेवली. मला वाटले, हा तुझा सन्मान आहे. तसे मला कधी वाटत नाही. ज्या दिवशी वाटले त्या दिवशी तीन गाड्यांची तार चार बोटे तोकडी झाली.

मी तुला ते सांगितलेही. तू गेलास त्याच्या दोन दिवस आधी. तोंडावर मास्क होता. मी म्हणालो, "तुझा नकाशा जसाच्या तसा सोडला. एकही खिळा हलवला नाही." तू डोळे मोठे केलेस. हात वर केलास. चार बोटे दाखवलीस. मला वाटले, तू चिडवतो आहेस. मी हसलो. तुझ्यासमोर बहुधा पहिल्यांदाच. तू पुन्हा चार बोटे दाखवलीस, मान हलवलीस, आणि मी तुझा हात धरून खाली चादरीवर ठेवला आणि म्हणालो, "पडून राहा."

मी तुझा हात खाली ठेवला, मिलिंद.

स्मशानातून निघताना सुजाताने मला बाजूला घेतले. "साहेब, ते शेवटी सारखे चार बोटं दाखवत होते. मी नर्सला दोनदा विचारलं, चारचं काही औषध आहे का. तुम्हाला काही ठाऊक आहे?" मी नाही म्हणालो. ते तेव्हा खरे होते. आता हे वाचताना तिला उत्तर मिळेल. सुजाता, तो स्वतःसाठी काही मागत नव्हता. तो कोणाच्या तरी मुलांविषयी सांगत होता.

गुरुवारी तुझ्या खुर्चीतूनच मी मालकांना फोन लावला. ते शहराबाहेर होते.

"जाधवसाब, कायकू टेन्शन लेरे? नवे गाड्यां हैं. शनिचर कू देख लेंगे."

"गाड्या आज दुपारी निघणार नाहीत."

"अरे, बच्चे घर कैसे जायेंगे?"

"चालत जातील."

मी त्यांच्याशी इतक्या मोठ्या आवाजात कधी बोललो नव्हतो. मग त्यांनी ड्रायव्हरला आमच्यासाठी मोटार काढायला सांगितली. शाळेच्या वाहनव्यवस्थापकांना मी स्वतः फोन केला. शाळा साडेतीनला सुटते. तोवर गाड्या आवारात उभ्या असतात. मी म्हणालो, बॅटरीची तार काढून ठेवा, आम्ही येतो. ते म्हणाले, बघतो. बघतो म्हणणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते.

यादम्माने तीन नव्या लाल तारा कापल्या. मी लांबी सांगत होतो, ती माझ्याकडे न पाहता स्वतःच्या पट्टीने पुन्हा मोजत होती. दोन्ही टोकांना लग, म्हणजे जोडाच्या तांब्याच्या टोप्या, दाबल्या, वर जाड नळी चढवली. पावणेबाराला आम्ही निघालो. कुकटपल्ली ते दिलसुखनगर म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वाटेत जिथे जिथे गर्दी थांबली होती तिथे तिथे मी खिडकीतून आभाळात धूर आहे का पाहत होतो. एकदा दिसला. कोणीतरी रस्त्याकडेचा कचरा जाळत होते. यादम्मा म्हणाली, "पानी पियो साब." मी प्यालो. निम्मे शर्टवर सांडले.

आता तुला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगतो. माझी चार बोटे तू सवय समजलास. हट्ट समजलास. तू मला कारण विचारलेस तेव्हा मी म्हणालो होतो, "अनुभव." तो एक टेम्पो होता. मी तेव्हा तिशीत होतो. हार्नेस मी आखला होता, सुतळीने, आणि तारेची बचत व्हावी म्हणून ओढून घेतला होता. दोन महिन्यांनी तो टेम्पो पेटला. ड्रायव्हरने बोनेट हातांनी उघडले. तो कारखान्यात आला तेव्हा दोन्ही तळहात पट्टीत होते. भांडायला आला नव्हता. म्हणाला, "क्या हुआ था साब? बोले तो समझ में आयेगा." मी त्याला सांगितले की, बॅटरीत दोष होता. तो सलाम करून गेला. पट्टी बांधलेल्या हाताने. दुसऱ्या दिवसापासून मी चार बोटे सोडू लागलो.

हे तुला एकदा सांगितले असते, तर तू उणे ऐंशी लिहिले नसतेस. माझ्याशी भांडला असतास, पडदा दाखवून पटवले असतेस, आणि रकान्यात शून्य राहिले असते. मी सांगितले नाही, कारण सांगायला लाज वाटत होती. तू पुन्हा विचारले नाहीस, कारण तुला मला दुखवायचे नव्हते. चांगले वागणाऱ्या दोन माणसांनी मिळून ही तार तोकडी केली.

एक वाजून दहा मिनिटांनी शाळेत पोहोचलो. तिन्ही गाड्या कडुलिंबाखाली उभ्या होत्या. बॅटरीची तार एकाही गाडीची काढलेली नव्हती.

पहिल्या गाडीचे बोनेट उघडले. लाल तार ताणलेली होती. तिच्याखाली मी हात घालून पाहिला. बोटसुद्धा गेले नाही. पत्र्याच्या कंसावरून, म्हणजे इंजिनाशेजारच्या आधारपट्टीवरून, ती वळत होती तिथे वरची नळी खरडली होती, आतली तार शाबूत. दुसरीत तसेच. तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हर सीटवर आडवा झाला होता. नाव खाजा. तो उठून आला.

"नवी गाडी साब. एकदम फस्क्लास. दो दिन से बास आरा थोडा, बस."

"कसला वास?"

"नवे गाडी का बास. मैं अगरबत्ती लगा दिया."

अगरबत्ती डॅशबोर्डवर होती. बोनेट उघडले. यादम्माने माझ्या आधी पाहिले आणि तेलुगूत देवाचे नाव घेतले. नळी फाटली होती. लाल आवरण कापले गेले होते. तांबे दिसत होते, आणि कंसाचा पत्रा त्याच्यापासून एका नखाइतका दूर होता. पत्र्यावर काळा ठिपका पडला होता. म्हणजे एकदा शिवून झाले होते. कदाचित दोनदा.

मी बॅटरीची तार काढली. पाना दोनदा हातातून पडला. यादम्माने तो उचलून माझ्या हातात दिला, स्वतः लावला नाही. तिने मला ते करू दिले. तुझ्यासारखेच.

तीन वाजून पाच मिनिटांनी तिसरी तार बसली. खाजाला गाडी सुरू करायला सांगितली, बंद करायला सांगितली, पुन्हा सुरू करायला सांगितली. दहा वेळा. इंजिन प्रत्येक वेळी कुशीवर वळले. लाल तार प्रत्येक वेळी सैलावली आणि परत आली, कंसाला न शिवता. तिच्याखाली माझी चार बोटे गेली. सॉफ्टवेअरने काढलेली लांबी होती ती, मिलिंद. माझी बोटभरही भर नव्हती. वाद तू जिंकलास. मी हे लिहून देतो आहे, खाली सहीही करतो.

साडेतीनला मुले आली. मी तिसऱ्या गाडीत, पुढच्या सीटवर बसलो. काम झाले होते, तरी उतरवेना. पूर्ण फेरीभर मी बोनेटच्या बाजूला नाक करून बसलो. मागून एका मुलीने आजोबा म्हणून हाक मारत विचारले, "तातय्या, तुम नवे टीचर हैं क्या?"

"नाही."

"फिर बास कायकू लेरे?"

खाजा हसू लागला. "इनो डॉक्टर हैं बेटा. गाडी के."

"गाडी कू बुखार है क्या?"

"था," खाजा म्हणाला. "उतर गया."

शेवटचे मूल सरूरनगरच्या एका गल्लीत उतरले. आजी दारात उभी होती. तिने दप्तर घेतले आणि आत गेली. तिला काहीच माहीत नव्हते. तसेच असावे. पण माझी भीती त्या दारात संपली नाही. ती आजही आहे. तुझ्या आधीच्या सगळ्या नकाशांत शेरा आहे, साहेब, आणि त्या सगळ्या गाड्या माझ्या हाताच्या भरवशावर धावत आहेत. माझा हात बरोबर पडला होता की नाही, हे मी एकेक फळी काढून आता तपासतो आहे. हा हात काही वर्षांनी नसेल. त्यानंतर कोणी तुझा नकाशा जसाच्या तसा वापरला तर? म्हणून प्रत्येक फाइल उघडावी लागेल. मला माऊस सरकवता येतो. तू शिकवलेस, म्हणून. याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नव्हते.

मोटार मी आधीच परत पाठवली होती; शाळेपाशी थांबलेली यादम्मा आणि मी मेट्रोने परतलो. सव्वासहा झाले होते. तिची सुटी सहाला होते, ती थांबली. मी तुझ्या खुर्चीत बसून उणे ऐंशी खोडले आणि शून्य लिहिले. शेऱ्यातला शब्द राहू दिला. नकाशा नव्याने छापून फळीवर लावला, आणि यादम्माने माझी जुनी सुतळी त्यावर धरून लाल तारेची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजली. "बराबर है," ती म्हणाली. नकाशाच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात. बदल करणाऱ्याच्या चौकटीत मी माझे नाव घातले. तपासणाऱ्याच्या चौकटीत एका बोटाने एकेक अक्षर शोधत यादम्माचे नाव लिहिले, आणि फाइल जतन केली.